सावली कुठली, कधीची?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण भागात उतरला. त्या क्षणाच्या स्मरणार्थ २०२४ पासून २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होतो. हा दिवस कसा ठरला, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. लँडरला वीज पुरवणाऱ्या सौर पट्ट्यांना ऊन हवे होते. चंद्रावर एकदा सूर्य उगवला की पृथ्वीवरील सुमारे १४ दिवस तो मावळत नाही. त्या उजेडाचा पुरेपूर उपयोग करायचा, तर त्या ठिकाणी सूर्य नुकताच वर आलेला असताना उतरणे आवश्यक होते. सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावरील त्या विशिष्ट जागी सूर्योदय केव्हा होईल, या गणिताने तारीख दिली. म्हणजे भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतील एक दिवस ‘कुठे?’ आणि ‘केव्हा?’ या दोन प्रश्नांच्या उत्तरातून आला आहे.

हे दोन प्रश्न विसरले की काय होते, याचे उदाहरण तंजावरात आहे.

तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने १०१० मध्ये पूर्ण केले. त्याचे विमान, म्हणजे गर्भगृहावरील शिखर, सुमारे ६३ मीटर उंच आहे. या शिखराविषयी एक गोष्ट देशभर सांगितली जाते. समाजमाध्यमांवर ती दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते, आणि मराठी वाचकांपर्यंतही ती अनेकदा पोचलेली असते. गोष्ट एवढीच, की या शिखराची सावली जमिनीवर कधीही पडत नाही.

तंजावरात मराठी बोलणारी घरे अजून आहेत. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी येथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले आणि त्यांच्यामागून कारकून, शास्त्री, कीर्तनकार, शिपाई अशी कितीतरी कुटुंबे कावेरीकाठी येऊन राहिली. दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले कुळाचा इतिहास १८०३ मध्ये याच मंदिराच्या भिंतींवर मराठीत कोरविला. अशाच एका जुन्या घरातील आजोबा, महाराष्ट्रातून कोणी पाहुणा आला, की त्याला हौसेने मंदिरात नेत. आधी भिंतीवरचा मराठी लेख दाखवीत, मग शिखराकडे बोट करून म्हणत, “याची सावली जमिनीला लागत नाही.” पाहुणा मान वर करी, खाली कोणी पाहत नसे.

खाली पाहिले ते त्यांच्या नातीने. ती नागपूरला आठवीत शिकते. नाताळच्या सुट्टीत ती तंजावरला आली आणि आजोबांबरोबर भर दुपारी मंदिरात गेली. शिखराच्या उत्तरेस अंगणातील फरसबंदीवर एक मोठी, निमुळती होत गेलेली सावली पडली होती. ती कशाची आहे, हे विचारण्याचीही गरज नव्हती. तरी तिने विचारले, “आजोबा, मग ही कोणाची सावली?”

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “माझ्या वडिलांनी मला हेच सांगितलं होतं.”

या उत्तरात जे दुखावले गेले होते, ते खगोलशास्त्र नव्हते. ज्या शहरात घराण्याच्या कित्येक पिढ्या गेल्या, त्या शहराचा अभिमान एका वाक्यात साठवलेला होता, आणि ते वाक्य एका मुलीच्या साध्या प्रश्नासमोर टिकले नाही. मुलीलाही ते जाणवले. विज्ञान शिकवताना खरी कसोटी लागते ती अशाच क्षणी. चूक दाखवून देणे सोपे असते. चुकीच्या आत दडलेले सत्य शोधून ते परत हाती देणे अवघड.

त्या सत्याचा शोध घ्यायचा, तर आधी सूर्याची जागा ठरवावी लागते. मध्यान्ही सूर्य खमध्यापासून, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून, किती दूर असेल, हे दोन आकडे ठरवतात. पहिला आकडा पाहणाऱ्याच्या जागेचा, म्हणजे अक्षांश. तंजावरचा तो सुमारे १०.८ अंश उत्तर आहे. दुसरा आकडा दिवसाचा, म्हणजे सूर्याची क्रांती. विषुववृत्तापासून सूर्य त्या दिवशी किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे, ते अंतर. ते वर्षभरात २३.४ अंश दक्षिणेपासून २३.४ अंश उत्तरेपर्यंत जाते व परत येते. या दोन आकड्यांतील फरक म्हणजेच मध्यान्हीच्या सूर्याचे खमध्यापासूनचे अंतर.

डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सुमारे २३.४ अंश दक्षिणेला असतो. म्हणून तंजावरात तो मध्यान्हीसुद्धा खमध्यापासून सुमारे ३४ अंश ढळलेला दिसतो. एक मीटर उंचीच्या सरळ उभ्या काठीची सावली तेव्हा ६८ सेंटीमीटर पडते. याच हिशेबाने ६३ मीटर उंच शिखराच्या टोकाची सावली इमारतीच्या मध्यापासून सुमारे ४३ मीटर उत्तरेला जाते. विमानाचा पाया सुमारे ३० मीटर रुंद आहे. म्हणजे मध्यापासून भिंतीपर्यंत १५ मीटर. उरलेले सुमारे २८ मीटर अंगणात. नातीने पाहिलेली सावली ती हीच.

आता हाच हिशेब जूनमध्ये करून पाहावा. २१ जूनच्या सुमारास सूर्य २३.४ अंश उत्तरेला असतो. तंजावरच्या खमध्याच्या तो उत्तरेकडे जातो आणि सावली दक्षिणेला पडू लागते. पण खमध्यापासूनचे अंतर फक्त १२.६ अंश असते. शिखराच्या टोकाची सावली मध्यापासून सुमारे १४ मीटरच पोचते, म्हणजे जेमतेम पायाच्या आतच राहते. मार्चच्या मध्यापासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, साधारण साडेसहा महिने, मध्यान्हीच्या वेळी कळसाची सावली इमारतीच्या अंगावरच पडते; अंगणात उतरत नाही. खालच्या उभ्या भिंतींची एक चिंचोळी सावली तेवढी पायाशी दिसते. आणि वर्षातून दोनदा, १८ एप्रिलच्या आणि २४ ऑगस्टच्या आसपास, सूर्याची क्रांती तंजावरच्या अक्षांशाइतकी होते. त्या दिवशी मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भिंतींचीही सावली नाहीशी होते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या प्रत्येक गावाला असे दोन दिवस मिळतात. मुंबईचा पहिला दिवस १५ मेच्या सुमारास येतो, नागपूरचा २६ मेच्या.

म्हणजे आजोबांच्या वडिलांनी सांगितलेली गोष्ट निराधार नव्हती. वर्षातील निम्म्याहून अधिक दिवस, मध्यान्हीच्या वेळी, कळसाच्या सावलीपुरती ती खरी आहे. कोणीतरी कधीतरी ते नीट पाहिले असणार. पुढे सांगताना ‘या महिन्यांत’ आणि ‘या वेळी’ हे शब्द गळून पडले व त्यांच्या जागी ‘कधीही नाही’ आले. खरे निरीक्षण आणि खोटी दंतकथा यांच्यात अनेकदा एवढेच अंतर असते.

हे सारे अक्षांशाचे झाले. जागेचा दुसरा आकडा रेखांश, आणि तो घड्याळाशी बांधलेला आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. तंजावर सुमारे ७९.१ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, म्हणून तंजावरचा मध्यान्ह सरासरीने दुपारी १२ वाजून १३ मिनिटांनी होतो. मुंबईचा त्यानंतर सुमारे २५ मिनिटांनी. तंजावरच्या त्या घरात आजी संकष्टी चतुर्थीचा उपास करतात. भिंतीवर मुंबईची वेळ दाखवणारी दिनदर्शिका टांगलेली असेल, तर तिच्यातील चंद्रोदय तंजावरच्या चंद्रोदयाशी जुळत नाही. केवळ रेखांशामुळे पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. त्यात अक्षांशाचा परिणाम मिसळतो. चंद्र उत्तरेला असेल तर हा फरक कमी होऊन दहाबारा मिनिटांवर येतो. दक्षिणेला असेल तर वाढून चाळीस मिनिटांच्या घरात जातो. आजींना हे समीकरण ठाऊक नसेल, पण मुंबईच्या वेळेआधीच चंद्र गच्चीवर दिसतो, हे त्या अनुभवाने जाणतात. म्हणून स्थानिक वेळ वेगळी छापलेली असते, आणि ती पाहावी लागते.

नागपूर आणि तंजावर यांच्यात एक विलक्षण योग आहे. या दोन्ही भोसल्यांच्या राजधान्या जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. दोन्ही शहरांचा मध्यान्ह अवघ्या काही सेकंदांच्या अंतराने होतो. त्यामुळे घड्याळाचा गुंता बाजूला राहतो आणि केवळ अक्षांशाचा परिणाम निखळपणे दिसतो. नागपुरात ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे २१ अंश उंच दिसतो. तंजावरात तो ११ अंशांच्या आसपास असतो आणि माडांच्या शेंड्यांमागे सहज लपतो. याउलट दक्षिणेकडील अगस्त्य तारा नागपुरात जास्तीत जास्त सुमारे १६ अंश चढतो, तर तंजावरात सुमारे २६ अंश. जूनमधील सर्वांत मोठा दिवस नागपुरात तंजावरपेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो. दख्खन सोडून कावेरीकाठी आलेल्या मराठी कुटुंबांनी आपल्या भाषेबरोबर आपले सणवार आणले, पण आकाश त्यांना सोबत आणता आले नाही. ते उत्तरेकडे कलले.

मग उलट प्रश्न सुचतो. आकाशातील जागा जर पाहणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असेल, तर आकाश मोजून पाहणाऱ्याची जागा काढता येईल काय? याच प्रश्नाचा पाठपुरावा करीत विल्यम लॅम्बटन १८०८ मध्ये तंजावरला आला. मद्रासजवळ १८०२ मध्ये त्याने आधाररेषा मोजली होती आणि तेथून त्रिकोणांची साखळी विणत तो दक्षिण भारताची मोजणी करीत होता. त्रिकोणांनी गावांमधील अंतरे मिळत. पण ती सारी साखळी पृथ्वीवर नेमकी कोठे आहे, हे सांगण्यासाठी काही ठिकाणी ताऱ्यांची उंची मोजून अक्षांश ठरवावे लागत. कावेरीच्या सपाट प्रदेशात टेकडी नाही आणि माडांमुळे दूरचे दिसत नाही. म्हणून त्याने आपला सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट बृहदीश्वराच्या विमानावर चढवायला घेतला. वर नेताना दोर तुटला. यंत्र शिखराच्या भिंतीवर आदळले आणि कोन मोजण्याचे त्याचे मोठे वर्तुळ वाकले. अंशाच्या सूक्ष्म भागांवर ज्याचे सारे काम अवलंबून, त्याच्यासाठी यापरता आघात नव्हता. लॅम्बटनने यंत्र सुटे केले, एका मोठ्या फळीवर हव्या त्या मापाचे वर्तुळ कोरून घेतले आणि पाचरी, स्क्रू व कप्प्या वापरून वाकलेले वर्तुळ सहा आठवड्यांत जवळजवळ मूळ आकारावर आणले. ज्या शिखराविषयी सावलीची दंतकथा सांगितली जाते, त्याच शिखराशी मोजमापाच्या चिकाटीची ही खरी कथाही जोडलेली आहे. ती मात्र फारशी फिरत नाही.

याच काळात तंजावरच्या गादीवर दुसरे सरफोजी होते. सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी समृद्ध केले. त्यांच्या नावावर ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक आहे. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. हेच सरफोजी १८२० मध्ये मोठ्या लव्याजम्यासह काशीयात्रेला निघाले. तंजावर ते काशी या वाटेवर ध्रुवतारा सुमारे ११ अंशांवरून २५ अंशांपर्यंत चढत जातो. उत्तरेकडील प्रत्येक १११ किलोमीटर चालीला तो एक अंश वर सरकतो. पृथ्वी गोल असल्याचा याहून संथ आणि याहून निश्चित पुरावा पायी चालणाऱ्याला मिळणार नाही.

तथापि ‘केव्हा?’ या प्रश्नाला दिवस आणि वर्ष यांपलीकडेही एक उत्तर आहे. पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत भोवऱ्यासारखा एक फेरा घेतो. त्यामुळे राजराजाच्या काळी आजचा ध्रुवतारा उत्तर ध्रुवबिंदूपासून सुमारे ६ अंश दूर होता. तंजावरच्या क्षितिजावर तो एका रात्रीत कधी १७ अंशांपर्यंत चढे, तर कधी ५ अंशांपर्यंत उतरे. त्याला अढळ म्हणावे, अशी तेव्हा त्याची स्थिती नव्हती. पंचांगातही ही गती उमटते. तमिळ वर्षाचा चित्तिरै महिना सूर्य मेष राशीत जातो तेव्हा सुरू होतो. तो क्षण ताऱ्यांवरून मोजला जातो, तर सूर्य डोक्यावर येणे हे ऋतुचक्राशी जोडलेले असते. आज १४ एप्रिलला चित्तिरै लागल्यावर चारच दिवसांनी तंजावरात सावली नाहीशी होते. राजराजाच्या काळी त्यासाठी सुमारे २० दिवस थांबावे लागे. आपल्याकडे मकर संक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते आणि प्रत्यक्ष उत्तरायण २२ डिसेंबरच्या सुमारास सुरू झालेले असते, त्याचेही कारण हेच. मंदिर जागचे हलले नाही, अक्षांशही तोच. तरीही हजार वर्षांत त्याच्यावरचे आकाश सरकले.

डिसेंबरची सुट्टी संपवून नात नागपूरला परतली. जाताना ती आजोबांना म्हणाली, “एप्रिलमध्ये तुम्ही मोजा. मी तिकडे मोजेन.” आजोबांनी मान डोलावली. त्यांना ते कितपत पटले होते, हे तेव्हा कळले नाही.

१८ एप्रिलला सकाळपासून आजोबा गच्चीवर होते. एक मीटर लांबीची काठी त्यांनी मातीच्या कुंडीत रोवली होती आणि ओळंबा धरून ती सरळ उभी असल्याची खात्री करून घेतली होती. नागपुरात नातीनेही तशीच काठी उभी केली होती. १२ वाजून १० मिनिटांनी फोन लागला. तीन मिनिटांनी आजोबा म्हणाले, “माझ्याकडे काही उरलं नाही. काठी आहे, सावली नाही.” नागपूरच्या काठीची सावली १८ सेंटीमीटर होती. त्यावरून कोन निघाला सुमारे १०.३ अंश, हाच दोन शहरांच्या अक्षांशांतील फरक. दोन्ही शहरांतील सरळ अंतर सुमारे ११५० किलोमीटर. १०.३ अंशांना ११५०, तर ३६० अंशांना किती? हे त्रैराशिक नातीने फोनवरच सोडवले. उत्तर आले ४०,००० किलोमीटरच्या आसपास, पृथ्वीचा परीघ. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इरॅटोस्थेनीसने इजिप्तमध्ये केलेली मोजणी एका आजोबांनी आणि एका नातीने दोन काठ्यांच्या साहाय्याने पुन्हा केली.

ही मोजणी कोणत्याही दोन शाळांना करता येईल. शहरे एका रेखांशावर नसली, तरी प्रत्येकाने आपापल्या मध्यान्हीची, म्हणजे दिवसातील सर्वांत आखूड सावली मोजली, की पुरे. एक शहर दुसऱ्याच्या जितके उत्तरेला, तेवढाच फरक हाती येतो.

चंद्रावर विक्रम जेथे स्थिरावला आहे, तेथील आकाशात पृथ्वी उगवत नाही आणि मावळतही नाही. चंद्र आपली एकच बाजू आपल्याकडे ठेवतो, त्यामुळे त्या ठिकाणाहून ती क्षितिजापासून सुमारे १७ अंश उंचीवर थोडीशी डोलत एकाच जागी राहते. तेथे कोणी पिढ्यान्‌पिढ्या राहिले असते, तर ‘पृथ्वी कधीही मावळत नाही’ असे ते अभिमानाने सांगत राहिले असते, आणि त्यांच्यापुरते ते खरेही असते. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला राहणाऱ्यांना मात्र पृथ्वी म्हणजे काय, हेच ठाऊक नसते.

राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तंजावरात सूर्य पुन्हा डोक्यावर येतो. पाहुण्यांना मंदिर दाखवण्याचा आजोबांचा परिपाठ अजून सुटलेला नाही. भिंतीवरचा मराठी लेख ते आजही आधी दाखवतात. मग एखादा पाहुणा स्वतःच विचारतो, की या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही म्हणे, ते खरे का? आजोबा लगेच उत्तर देत नाहीत. ते उलट विचारतात, “कोणत्या महिन्यात? किती वाजता?”